ऑनलाइन तासाला पोरं टिकतात कशानं?

राजारामपुरीची_मॅडम
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात एम.ए.ला अर्थशास्त्र शिकवते. या सत्रापासून आमचा एक पेपर पूर्ण ऑनलाइन झालाय. वर्गातली बरीच मुलं आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडची. रोजचं येणं-जाणं परवडत नाही, काहीजण नोकरी सांभाळून शिकतात. त्यामुळे निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. पहिल्या आठवड्यात सगळे हजर. दिवाळीची सुट्टी लागल्यासारखे तिसऱ्या आठवड्यापासून गायब, पण लॉगिन मात्र चालू! पडद्यावर काळे चौकोन आणि त्यात आद्याक्षरं. प्रश्न विचारला की शांतता. "कळलं का?" म्हटलं की चॅटमध्ये 'येस मॅम' ची रांग. परवा एकाचा माइक चुकून चालू राहिला आणि मागणी-पुरवठ्याच्या मधोमध एसटीच्या कंडक्टरची डबल बेल ऐकू आली.

माझं मत असं की कॅमेरा सक्तीचा करावा. वर्गात कुणी तोंडावर पडदा ओढून बसत नाही. पण सक्ती करण्याआधी इथं विचारावं म्हटलं. ज्यांनी एखादा ऑनलाइन कोर्स शेवटपर्यंत नेलाय त्यांनी सांगा, कशामुळे टिकलात? ज्यांनी सोडला त्यांनीही सांगा. फक्त "शिक्षक चांगला पाहिजे" एवढंच लिहून जाऊ नका.

तांबडा_पांढरा
शिक्षक चांगला पाहिजे.

(पळतोय.)

शाहूपुरी_५वी_गल्ली
मॅडम, कॅमेरा कराच सक्तीचा. हजेरीला मार्क ठेवा, मधेच नाव पुकारा, उत्तर नाही आलं तर गैरहजर मांडा. आम्ही शिकत होतो तेव्हा सरांचा डस्टर यायचा अंगावर. आता घरबसल्या मिळतंय तर किंमत नाही.

चंदगडी_काजू
काका, डस्टर ऑनलाइन फेकता येत नाही हेच तर बरंय.

मी विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या कॉलेजची. कॅमेऱ्याबद्दल माझ्याकडून ऐका. आमचं घर म्हणजे एक सोपा, म्हणजे पुढची पडवी, आणि स्वयंपाकघर. रेंज सोप्यातच येते. मागं दोरीवर कपडे, आजी खाटेवर, भाऊ जेवतोय, मधनंच म्हशीला पाणी दाखवायला बाबांची हाक. हे सगळं चाळीस जणांना दाखवत मी राष्ट्रीय उत्पन्नाची व्याख्या सांगायची? कॅमेरा लावला की दिवसाचा डेटा दुपारलाच खलास होतो ते आणखी वेगळं. पावसाळ्यात तर कॅमेरा सोडा, आवाज आला तरी गुळखोबरं वाटू.

ज्या मॅडमनी कॅमेऱ्याची सक्ती केली त्यांच्या तासाला मी एक युक्ती केली होती. ती इथं सांगत नाही, शिक्षक वाचतायत.

पंचगंगाकर_सध्या_पुणे
मी ई-लर्निंगमध्येच काम करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन शिक्षकांनी २०२१ मध्ये यावर निबंध लिहिला होता. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या वर्गात कॅमेरा लावा असं सुचवलं होतं, सक्ती नव्हती. तरी बरेच जण बंद ठेवायचे. का, ते त्यांनी मुलांनाच विचारलं. सगळ्यात जास्त आलेलं कारण म्हणजे आपण कसे दिसतो याची काळजी. मग मागं घरातली माणसं दिसतील, घर दिसेल, नेट कमी पडेल, अशी कारणं. थोडक्यात, चंदगडी_काजू म्हणतायत तेच. त्या शिक्षकांचाही सल्ला होता की सक्ती नको. कॅमेरा का हवा ते समजावून सांगा आणि सहभागाचे दुसरे मार्ग ठेवा.

दुसरं, व्हिडिओची लांबी. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्समधली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली गेली. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्म्याहून अधिक वेळा माणूस सहा मिनिटांच्या आतच बाहेर पडलेला. स्लाइडवर नुसता आवाज देण्यापेक्षा, समोर बसून बोलल्यासारखा किंवा हाताने लिहीत-काढत समजावलेला व्हिडिओ लोक जास्त वेळ बघत होते.

राजारामपुरीची_मॅडम
सहा मिनिटं? अहो, आयएस-एलएमच्या, म्हणजे व्याजदर आणि उत्पन्नाचा मेळ दाखवणाऱ्या आकृतीचे अक्ष काढून नावं देईपर्यंत सहा मिनिटं जातात माझी. एम.ए.चा विषय आहे, रील नाही.

तांबडा_पांढरा
मॅडम, रील करा की. "वहिनींनी व्याजदर वाढवला आणि बघा पुढं काय झालं."

पंचगंगाकर_सध्या_पुणे
@राजारामपुरीची_मॅडम, सहा मिनिटांत शिकून होतं असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. लोक किती वेळ बघतात एवढंच मोजलंय. आणि त्यातलाच दुसरा भाग लोक विसरतात: तासभराच्या वर्गाचं रेकॉर्डिंग नुसतं कापून तुकडे केले तर ते तितके चालत नाहीत. तुकडा म्हणूनच विचार करून बनवलेला पाहिजे. अक्ष आणि नावं पहिल्या तुकड्यात, आयएस दुसऱ्यात, आणि प्रत्येकानंतर एक प्रश्न.

तो प्रश्न लई महत्त्वाचा. २०१३ मध्ये हार्वर्डमधल्या मानसशास्त्रज्ञांनी संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं ऑनलाइन व्याख्यान चार भागांत दाखवलं. ज्यांना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली त्यांचं मन कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटच्या चाचणीत ते पुढं राहिले. तेच प्रश्न उत्तरांसकट नुसते वाचायला दिलेल्यांना तेवढा फायदा झाला नाही. व्याख्यान सगळ्यांना तेच, फरक मधल्या प्रश्नांचा.

सेकंड_शिफ्ट
मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, मोल्डिंगला. बी.कॉम. बाहेरून केलं, आता एम.कॉम. चाललंय. त्यामुळं दुसऱ्या बाजूनं सांगतो.

पहिली गोष्ट, ऑनलाइन नसतं तर मी शिकलोच नसतो. सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत मध्यरात्र होते. सकाळी दहाच्या तासाला कोण जाणार आणि रात्री कुठलं कॉलेज उघडं असतंय? म्हणून "ऑनलाइन म्हणजे खोटं शिक्षण" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

दुसरी गोष्ट, कामावर फोन आत नेता येत नाही. गेटवर जमा करायचा. मग मी काय करतो, जाताना केएमटीच्या बसमध्ये एका कानात इअरफोन घालून दीडच्या स्पीडनं व्याख्यान ऐकतो. दुसरा कान मोकळा, स्टॉप चुकायला नको. रात्री घरी आलो की अंगावरची काळी वाळू धुऊन निघेपर्यंत बादलीभर पाणी जातं, मग जेवण, आणि मग वीस मिनिटं वही. त्या वीस मिनिटांत जे ऐकलं ते न बघता लिहून काढायचं. जे लिहिता येत नाही त्याच्यापुढं फुली. दुसऱ्या दिवशी केएमटीत फुलीवाला भाग परत.

तर मॅडम, तुमच्या त्या काळ्या चौकोनातला एखादा माझ्यासारखा असणार. तो एसटीतनं का होईना, तासाला आला होता. डबल बेल ऐकू आली म्हणजे तो गायब नव्हता.

आता मी टिकलो कशानं ते. पहिल्या वर्षी दोनदा सोडायच्या बेतात होतो. कॉस्टिंगचं एक गणित सोडवून पाठवलं होतं. आमच्या सरांनी आकडा चुकला म्हणून नुसती फुली मारली नाही. दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. "तू फाउंड्रीत आहेस ना, मग रिजेक्शन झालेल्या कास्टिंगचा खर्च कुणावर पडतो ते तुझ्या सुपरवायझरला विचार आणि मग हे गणित परत बघ." मी विचारलं. सुपरवायझर अर्धा तास बोलला, डबा खायचा राहिला त्याचा. ती नोट अजून फोनमध्ये आहे. सरांना मी कधी भेटलेलो नाही, पण मी कुठं काम करतो ते त्यांच्या ध्यानात होतं. त्यानंतर सोडायचा विचार आला नाही.

शाहूपुरी_५वी_गल्ली
सेकंड_शिफ्ट, तुम्हाला मानलं. पण तुम्ही अपवाद. सगळ्यांना तुमच्यासारखी तळमळ असती तर मॅडमना धागा काढावा लागला नसता.

इंजिनिअर_कळंबा
मी एनपीटेलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स करतो, काही पूर्ण केले, काही गाडले. पूर्ण झाले ते सगळे परीक्षा नोंदवलेले. तिथं नोंदणी फुकट, पण प्रमाणपत्र हवं तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. अंतिम गुणात असाइनमेंटचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारापैकी उत्तम आठ असाइनमेंट धरतात. ही 'आठ' ची सोय लई शहाणपणाची आहे. एखादा आठवडा आजारपणात, लग्नात, जत्रेत गेला तरी माणूस "आता काय उपयोग" म्हणून सोडत नाही.

आणि दर आठवड्याला ठराविक वारी रात्री मुदत संपते. त्या रात्री आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर जी धांदल उडते ती बघण्यासारखी असते. अकरा वाजता झोपलेली पोरंपण उठतात.

शाहूपुरी_५वी_गल्ली
बघा! म्हणजे पैसे आणि मुदत. मी वेगळं काय म्हणत होतो?

पंचगंगाकर_सध्या_पुणे
अर्धं बरोबर. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्स कोर्सचा आढावा २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्क्यांनी कोर्स पुरा केला. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी ओळख पडताळून घेतलेल्यांत मात्र ४६ टक्क्यांनी. पण पैसे भरले म्हणून पूर्ण केला, की पूर्ण करायचाच होता म्हणून पैसे भरले? जिमचं वर्षाचं शुल्क भरलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत.

तांबडा_पांढरा
घरातल्या भानगडी इथं नकोत.

बाकी जिमच्या आधी मिसळ खाऊन येणारा मीच तो. आता कट कुठला चांगला यावर कुणी सुरू करू नका, मागचा धागा त्यातच बंद पडला होता.

इंजिनिअर_कळंबा
कट नंतर बोलू. पण एक तक्रार लिहितोच. एका खासगी क्लासचं ॲप घेतलं होतं. अभ्यास केला की तारे, बिल्ले, सलग दिवसांची माळ, वर "तुमचा क्रमांक घसरला" असा रोजचा मेसेज. सुरुवातीला मजा वाटली. मग माळ तुटू नये म्हणून मी रात्री बारा वाजायच्या आत कुठलाही सोपा प्रश्न सोडवून ॲप बंद करायला लागलो. माळ लांबत गेली, विषय होता तिथंच. माझ्या डोक्यात काय शिरलं ते त्या ॲपला कळायचा प्रश्नच नव्हता.

जुना_ग्रंथपाल
थोडं मागं जाऊन बोलतो, रागावू नका. हे आपल्या गावात तरी नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. तेव्हा कोल्हापुरात शाळा नव्हत्या का? होत्या, राजाराम कॉलेजही होतं. पण खेड्यातनं आलेलं पोर एकटं भाड्याच्या खोलीत टिकत नव्हतं. बोर्डिंगात जेवण होतं, अंथरूण होतं, आणि शेजारी त्याच धड्याशी झगडणारा दुसरा होता.

दूरशिक्षणवाल्यांनाही हे ठाऊक होतं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनं १९७१ मध्ये पहिली मुलं घेतली तेव्हा बीबीसीवरच्या कार्यक्रमांचं सगळ्यांना अप्रूप होतं. पण त्या कार्यक्रमांबरोबर प्रत्येकाला शिक्षक नेमून दिलेला होता, तो उत्तरपत्रिकेवर सविस्तर शेरे लिहून परत पाठवायचा. आपल्याकडं १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ झालं, त्याचीही गावोगाव अभ्यासकेंद्रं. रविवारी तिथं जमणारी मंडळी मी पाहिली आहेत. तास संपला तरी पायरीवर बसून एकमेकांच्या वह्या उतरवून घेत. तुमच्या ऑनलाइन तासाला ती पायरी कुठं आहे, एवढंच विचारतो.

चंदगडी_काजू
आजोबा, पायरी आहे. व्हॉट्सॲपवर आहे आणि तिथं मॅडम नाहीत.

खरं सांगते, तासाला 'येस मॅम' लिहिणारे सगळे त्याच वेळी ग्रुपवर "काय कळलं का रे?" विचारत असतात. "कळलं का?" ला हो म्हणायचं असतं हे पहिलीपासून शिकवलंय आम्हाला. ग्रुपवर रात्री कुणीतरी वहीचा फोटो टाकतं, कुणीतरी त्यावर लाल गोल करून "हितं चुकलंय" म्हणतं, मग भांडण, मग स्टिकर, आणि त्यात कधीतरी डोक्यात प्रकाश पडतो. मागच्या सत्रात आमची एक मैत्रीण दोन आठवडे गप्प होती. कॉलेजातनं कुणाचाच फोन गेला नाही. आम्हीच केला. तिचं लग्न ठरवत होते. चौघींनी फोन करकरून परीक्षेपर्यंत थांबवायला लावलं. पेपर दिला तिनं.

मॅडम, तुम्ही त्या ग्रुपात येऊ नका प्लीज. आलात की आम्ही दुसरा काढू.

शाहूपुरी_५वी_गल्ली
पोरीचं ऐकून बरं वाटलं. पण त्याच ग्रुपवर उत्तरंही फिरतात, ते कोण सांगणार? आणि आता तर एआय आलंय. टिकतायत का, हा प्रश्नच राहिला नाही. कोण टिकतंय, पोरगं की मशीन, ते बघा.

राजारामपुरीची_मॅडम
हे खरंय. मागच्या असाइनमेंटला निम्म्या उत्तरांची सुरुवात एकाच वाक्यानं. "आजच्या गतिमान युगात बाजारपेठेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे." गतिमान युग वाचलं की मी आता पेन खाली ठेवते.

सेकंड_शिफ्ट
मॅडम, मग असं विचारा की जे मशीनला माहीत नाही. माझ्या मेव्हण्याचं गुऱ्हाळ आहे. त्याचा गूळ शाहू मार्केट यार्डात सौद्याला जातो. तिथं एकदा सकाळी उभं राहून बघा. गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला टोच्या मारून, रंग बघून, चिमूटभर जिभेवर ठेवून भाव बोलतात. एकाच गुऱ्हाळाच्या दोन काहिलींतल्या (रस आटवायच्या कढयांतल्या) गुळाला वेगळा भाव का, शेजारच्या अडतीवर वेगळा का, हे पोरांना शोधून आणायला सांगा. मागणी-पुरवठा, दर्जा, दलाली, सगळं तिथंच आहे. मशीन काय सौद्याला उभं राहणार नाही.

पंचगंगाकर_सध्या_पुणे
हे भारी आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याचा भावावर परिणाम दिसतो का, हा स्वतंत्र प्रश्न होईल. आजऱ्याच्या मुलांना आजरा घनसाळ तांदूळ द्या, त्यालाही मानांकन आहे. चंदगडकडं काजू. प्रत्येकानं आपल्या गावातनं आणायचं आणि तासाला एकमेकांना दाखवायचं.

तांबडा_पांढरा
प्रात्यक्षिकाचे नमुने परीक्षक म्हणून मी तपासेन. गूळ, काजू, घनसाळ. मानधन नको.

जुना_ग्रंथपाल
आणि नोंदी वहीत हाताने करायला लावा. तारीख, वेळ, भाव, कोण बोललं. फोटो पाठवू देत वहीचा.

राजारामपुरीची_मॅडम
सगळं वाचलं. काही ठरवलंय, काहीवर अजून माझं मत तेच आहे.

चेहरे बघितल्याशिवाय मला शिकवता येत नाही. त्यामुळे पहिला तास आणि तोंडी परीक्षा कॅमेरा लावूनच, ज्यांना घरून जमत नाही त्यांनी त्या दोन दिवसांसाठी कॉलेजच्या लॅबमध्ये यायचं. एरवी बंद चालेल. माझं बोलणं मी छोट्या तुकड्यांत आधीच रेकॉर्ड करून टाकेन, फक्त आवाजाची फाइलही ठेवेन, केएमटीवाल्यांसाठी. आयएस-एलएमचे अक्ष कागदावर हाताने काढून मोबाइलवर चित्रीकरण केलं काल. हात थरथरतो, पण चालेल असं दिसतंय. आठवड्यातून एकदाच थेट तास, रात्री साडेआठला, आणि त्यात मी शिकवणार नाही. पाच-पाच जणांचे गट, गुळाचं किंवा आपापल्या गावच्या मालाचं काम, आणि प्रश्न. "कळलं का?" बंद. "कुठं अडलं, एक ओळ लिहा" असं विचारणार, नाव न दिसता लिहिता येईल अशी सोय करून.

लागोपाठ दोन आठवडे ज्याच्याकडनं काही आलं नाही त्याला मी स्वतः फोन करणार. साठ मुलं आहेत. प्रत्येकाला दर वेळी व्हॉइस नोट जमणार नाही, सत्रात एकदा नक्की. आमच्या वर्कलोडच्या तक्त्यात याला रकाना नाही, तो वेगळा धागा.

शाहूपुरी_५वी_गल्ली
हजेरी?

राजारामपुरीची_मॅडम
आठवड्याचं काम आलं की हजर. बारातली उत्तम आठ.

शाहूपुरी_५वी_गल्ली
मला पटलेलं नाही. सत्र संपल्यावर किती उरले ते इथं लिहा.

राजारामपुरीची_मॅडम
लिहिते. कमी उरले तरी लिहिते.

सेकंड_शिफ्ट
साडेआठला मी कामावर असतो. ज्यांची शिफ्ट आहे त्यांना रेकॉर्डिंग बघून दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत उत्तर द्यायची मुभा ठेवा. आणि गटात एक तरी नोकरीवाला टाका, बाकीच्यांना सौद्याला पहाटे उठवायला उपयोगी पडेल.

राजारामपुरीची_मॅडम
मंजूर. मेव्हण्याचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

चंदगडी_काजू
मॅडम, तुमच्याकडं प्रवेश चालू आहेत का अजून? आणि त्या गुळाच्या कामाला मार्क किती?

राजारामपुरीची_मॅडम
दहा.

चंदगडी_काजू
पंधरा करा, काजू घेऊन येते.